आजच्या मापाचं

आई सगळं वाढत्या अंगाचं शिवायची.
फ्रॉकच्या दोन इंच दुमडीत
माझी पुढची दोन वर्षं टाचून ठेवलेली.
रंग मळखाऊ. तपकिरी, नाहीतर काताचा.
दुमड उसवेपर्यंत कापड विटायचं,
उसवल्यावर खाली एक कोरा पट्टा निघायचा,
तेवढीच माझी दिवाळी.

मग लग्न, मग वरद, मग सिझरचे टाके,
आणि कपाट भरत गेलं
बारीक झाल्यावर घालायच्या कपड्यांनी.
कॉलेज रोडच्या दुकानातली पोरगी म्हणाली,
"काकू, ह्यात स्लिम दिसाल."
घेतला. तीन वर्षं श्वास रोखून घातला.
लग्नाकार्यात उभ्यानेच जेवले,
बसले तर चेन तोंड उघडेल म्हणून.

माझं काम घरोघरी रक्त गोळा करायचं.
पहाटे साडेपाचला स्कूटी काढते,
इंदिरानगर, सिडको, मग पाथर्डी फाटा.
जानेवारीत हँडल म्हणजे बर्फाची लादी.
उपाशी माणसं दारातच उभी असतात.
दंडाला पट्टा बांधते, मूठ वळा म्हणते,
शीर सापडते. मला नेहमी सापडते.
स्वतःचे दंड मात्र
कित्येक वर्षं ओढणीखाली होते.

ती ओढणी एकदा चाकात गेली.
लेखानगरला पडले. गुडघा फुटला,
रक्ताच्या नळ्या शाबूत.
(आधी नळ्या बघितल्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

त्याच आठवड्यात खैरनारबाईंकडे गेले.
रविवार कारंजावरून आत, भांड्यांच्या दुकानावर,
अंधारा जिना, वर एकच खिडकी.
टेप कमरेला लागली आणि सवयीने
मी पोट आत घेतलं.
"सोडा," टाचण्या धरलेल्या ओठांतून त्या म्हणाल्या,
"खोट्या मापावर खरा कपडा कसा बेतू?"

मग म्हणाल्या, बसा. आता उकिडव्या बसा.
माळ्यावरचा डबा काढता तसे हात वर.
गाडी चालवता कशा, दाखवा.
मी स्टुलावर बसून हवेतलं हँडल धरलं.
मला हसू फुटलं, त्यांना नाही.
वहीत लिहिलं: काखेत अर्धा इंच जास्त.

"तुमच्या कपड्यांचे खांदे उतरलेत,
म्हणून सगळी बाईच उतरलेली दिसते."
शिवण आणून खांद्याच्या हाडावर ठेवली.
बाही कोपरापर्यंत, वर सरकवली की तिथेच राहील अशी.
गळा उभा, जरा खोल.
"मान आहे तुम्हाला. झाकता कशाला?"
सत्तेचाळीस वर्षांत
मला मान आहे असं कोणी म्हटलं नव्हतं.

खिसे दोन. एक मोबाईलला.
"दुसरा?"
"नुसता. हात ठेवायला."

रंगाचं मात्र माझं मीच बघितलं.
दुकानदाराने मळखाऊ ठाण पुढे सारलं,
मी दारातल्या उजेडात उभी राहिले
आणि एकेक कापड हनुवटीखाली धरलं.
लिंबू: थेट कावीळ.
राखाडी: हिमोग्लोबिन आठ, फार तर साडेआठ.
मग पिकल्या करवंदाचा एक तागा,
त्र्यंबकच्या वाटेवर द्रोणात विकतात तसला.
तोंडावर रक्त आलं.
बाकी काही नाही, पण रक्त मला कळतं.

चेनवाला ड्रेस बोहारणीने नेला,
बदल्यात स्टीलचा डबा आला, झाकण जरा सैल.
सिडकोतल्या भामरेआजी सुईला घाबरतात,
परवा सुई आत असताना विचारत होत्या,
"कोणाकडे शिवलास गं?"

रात्री आईला फोटो पाठवला.
लगेच फोन. "शोभतंय," म्हणाली,
आणि थोडं थांबून,
"पण जरा वाढत्या अंगाचं शिवायचं होतंस."
मी गॅलरीत उभी राहून ऐकत राहिले,
एक हात
त्या नुसत्या खिशात.